नऊ माणसं, चार कनू: बाउंडरी वॉटर्सच्या मोहिमेच्या नोंदी

५ जानेवारी

आज आमच्या घरी पहिली बैठक. पाच दिवसांच्या कनू-सहलीला, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होड्यांतल्या सहलीला, अकरा जण तयार झाले आणि पहिली अडचण तिथेच उभी राहिली. उत्तर मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्स या तळ्यांच्या संरक्षित रानात एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या चालतात. दोन परमिटं काढू, असं लगेच कुणीतरी सुचवलं. पण दोन गटांनी पाण्यावर, तळ्यांमधल्या पायवाटेवर किंवा मुक्कामावर कुठेही एकत्र येऊन नवाचा आकडा ओलांडायचा नाही, असाही नियम आहे. म्हणजे सहा आणि पाच असे गेलो तर पाच दिवस एकमेकांना चुकवत फिरायचं.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, "तुम्ही नऊ जण जा. आम्ही दोघं इथून लक्ष ठेवतो." काकूंनी मान हलवली. दोघांनी हे आधीच ठरवून ठेवलं होतं हे दिसत होतं, आणि तरी मला ते लागलं. या सहलीची कल्पना मुळात काकांचीच.

उरलो नऊ: मी, हे, दादा-वहिनी, पंधरा वर्षांचा भाचा, ताई आणि तीन मित्रमंडळी. दादा कॅनडात अनेकदा कनू घेऊन हिंडलेला. ताईंनी वल्हं कधी हातात धरलेलं नाही आणि त्यांना पोहताही येत नाही. हे त्यांनी स्वतःच आधी सांगितलं, ते फार बरं झालं. अशी गोष्ट तळ्याच्या मध्यावर कळून उपयोग नसतो.

१८ जानेवारी

जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. इथे पोर्टेज रॉडमध्ये मोजतात. पोर्टेज म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायची पायवाट, जिथे होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालायचं. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूची लांबी. ३२० रॉडचा एक मैल. भाच्याला हे माप एकदम आवडलं. एकामागे एक ठेवलेल्या कनू तो मनात मोजू लागला.

जागा एकमताने ठरली. गनफ्लिंट ट्रेल या रस्त्यावरून बेअरस्किन तळं, तिथून ७५ रॉड चालून डंकन, डंकनमधून ८० रॉडचं 'स्टेअरवे पोर्टेज' उतरून रोझ. रोझ हे सरहद्दीवरचं तळं, पलीकडचा काठ कॅनडाचा. स्टेअरवेला नावाप्रमाणे लाकडी पायऱ्या आहेत आणि शेजारून धबधबा खाली रोझकडे जातो.

वाद झाला परतीवरून. दादाला आल्या वाटेने परतायचं नाही. रोझच्या दुसऱ्या बाजूने 'लाँग पोर्टेज' घेऊन डॅनियल्स तळ्यात उतरायचं आणि तिथून ६० रॉडवर बेअरस्किन, असं छान वर्तुळ होतं. फक्त ते लाँग पोर्टेज ६६० रॉडचं आहे. "वाट जुन्या रेल्वेमार्गाची आहे, सपाट आहे," दादा म्हणाला. सपाट आहे हे खरं, पण दोन मैलांहून जास्त आहे हेही खरं. आज काहीच ठरवलं नाही. दोन्ही वाटा पेन्सिलीने काढून ठेवल्या.

२९ जानेवारी

दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी नऊला परमिटांचं बुकिंग उघडतं. मे ते सप्टेंबर रोज प्रत्येक प्रवेशठिकाणाहून ठराविकच गट आत सोडतात, म्हणून आज उशीर परवडणारा नव्हता. आम्ही तिघं तीन ठिकाणी लॅपटॉप उघडून बसलो होतो. ९ ऑगस्ट, डंकन मिळालं.

बुकिंगचे ६ डॉलर, ते परत मिळत नाहीत. शिवाय मोठ्यांचे प्रत्येकी १६ आणि भाच्याचे ८ डॉलर. गटप्रमुख म्हणून माझं नाव, पर्यायी प्रमुख म्हणून दादा आणि ह्यांचं. पर्यायी नावं आत्ताच घातली, कारण परमिट हातात घ्यायला यादीतलाच माणूस ओळखपत्रासह समोर लागतो. प्रमुख ऐनवेळी आजारी पडला आणि यादीत दुसरं नाव नसेल तर सगळ्यांची सहल बसते.

२३ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी होणार. सामानाची पहिली यादी बेरजेसकट तयार झाली. कनू सोडून १९६ किलो.

हा आकडा बघून मी वल्हवण्याचं वेळापत्रक बाजूला ठेवलं. आत्तापर्यंत सगळे विचारत होते, दिवसाला किती मैल जमतील? मला वाटतं हा प्रश्नच चुकीचा आहे. पाण्यावर कनू सामानाचं वजन आनंदाने वाहते. दिवस किती लांबेल हे काठावर उतरल्यावर किती फेऱ्या माराव्या लागतात त्यावर ठरतं.

आमचा हिशेब असा. चार कनू, चार जण त्या उचलणार. उरलेले पाच जण पाच पाठपिशव्या नेणार. १९६ किलोच्या अठरा-अठरा किलोच्या पिशव्या केल्या तर अकरा होतात. म्हणजे पहिल्या फेरीनंतर सहा पिशव्या मागे उरतात आणि सहा जणांना परत यावं लागतं. परत येणारा माणूस तीच वाट तीनदा चालतो: ओझं घेऊन एकदा, रिकामा एकदा, पुन्हा ओझं घेऊन एकदा. ८० रॉडच्या वाटेवर याचं काही वाटत नाही, ४०० मीटरचे १२०० होतात. पण ६६० रॉडवर ३.३ किलोमीटरचे १० होतात. त्यातले साडेसहा पाठीवर अठरा किलो घेऊन. माझ्या अंदाजाने चार तास, आणि तेही पाऊस नसेल तर.

पूर्वी फर-व्यापारातले व्होयाजर याच सरहद्दीवरच्या तळ्यांतून जात. त्यांचा एक गठ्ठा साधारण ९० पौंडांचा, म्हणजे ४१ किलोचा, आणि एका खेपेला माणूस असे दोन घेई. लेक सुपीरियरपासूनचं ग्रँड पोर्टेज साडेआठ मैलांचं. त्यांच्याही आधी ही सगळी वाट इथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांच्या पायाखालची, आणि बर्चच्या सालीची कनूही त्यांचीच. या वाटांची लांबी-रुंदी खांद्यावर होडी असलेल्या माणसाच्या पायांनी ठरलेली आहे, म्हणून त्या अजून जागच्या जागी आहेत. हे वाचताना मी बराच वेळ नकाशाकडे बघत बसले.

दादाला हिशेब पाठवला. उत्तर आलं: "मग सामान कमी कर." बरोबर आहे. आठ पिशव्या हे लक्ष्य ठरलं.

२२ मार्च

कनू भाड्याने ठरवल्या. नऊ माणसं चार होड्यांत बसवायची म्हणजे तीन दोघांच्या आणि एक तिघांची. केवलारच्या, म्हणजे हलक्या कृत्रिम धाग्याच्या, घेतल्या. दोघांची साधारण १९ किलो भरते. त्याच आकाराची ॲल्युमिनियमची ३० किलोच्या वर जाते. ॲल्युमिनियम स्वस्त आहे आणि दगडाला भीत नाही, पण ते अकरा किलो ज्याच्या मानेवर येतात त्याला विचारावं. केवलारची अट एकच: ती काठावर घासत चढवायची नाही. कनू तरंगत असतानाच गुडघाभर पाण्यात उतरायचं, सामान काढायचं आणि मग ती उचलायची. म्हणजे पाचही दिवस बूट ओले राहणार. सगळ्यांना आजच सांगून टाकलं.

१३ एप्रिल

जेवणाचं. खाण्याचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी, तेव्हा सगळं पिशव्यांत. माणशी दिवसाला साधारण ७०० ग्रॅम कोरडा शिधा धरला. ओट्स, दाणे-बेदाणे, घरी सुकवलेली डाळ-तांदळाची मिश्रणं, टॉर्टिया, चीज. पाच दिवसांचं एकूण साडेएकतीस किलो.

रात्री हे सगळं अस्वलापासून दूर ठेवणं बंधनकारक आहे. एक तर प्रमाणित अस्वलरोधक डब्यात, नाही तर जमिनीपासून १२ फूट वर आणि खोडापासून ६ फूट लांब टांगून. टांगणं वाचायला सोपं वाटतं. परवा मागच्या अंगणात पीठ भरलेली पिशवी घेऊन प्रयोग केला. योग्य फांदी शोधण्यात अर्धा तास गेला, आणि ती सापडल्यावर दोरी अपुरी पडली. आता पंधरा-पंधरा मीटरच्या दोन दोऱ्या, एक कप्पी आणि अवजड वस्तूंसाठी दोन प्रमाणित डबे. आणि मुक्काम दुपारी चारच्या आत गाठायचा, म्हणजे फांदी उजेडात शोधता येते.

७ जून

उलटण्याचा सराव. आधी मेमध्ये करणार होतो, पण पाणी फार गार होतं. गार पाण्यात पडल्याबरोबर श्वास आपोआप आत ओढला जातो आणि त्या पहिल्या मिनिटात चांगला पोहणाराही घाबरतो. सराव शिकण्यासाठी होता, कुणाला भिववण्यासाठी नव्हे, म्हणून थांबलो.

सुरुवात ताईंपासून केली. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी लाइफ जॅकेट घातलं, सगळे बक्कल लागले. मी दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून वर ओढलं, तर जॅकेट सरळ हनुवटीच्या वर आलं आणि त्यांचा अर्धा चेहरा आत गेला. पोटाजवळचा पट्टा सैल होता. तो आवळला आणि पुन्हा ओढलं. या वेळी जॅकेटबरोबर ताईच वर उचलल्या गेल्या. "आता मागे झुका," मी म्हटलं. त्या झुकल्या, पाय सुटले, कानापर्यंत पाणी आलं आणि तिथेच थांबलं. दहा सेकंदांनी त्यांनी माझा हात सोडला. मग वीस मिनिटं त्या बाहेर यायलाच तयार नव्हत्या.

नंतर बचाव. पाणी भरलेली कनू बचाव करणाऱ्या कनूला काटकोनात आणायची, तिचं टोक उचलून पालथं काठावर घ्यायचं, सरकवत पूर्ण आडवी ओढायची, पाणी निथळू द्यायचं, सुलटी करून परत पाण्यात सोडायची. मग तिचा काठ घट्ट धरून ठेवायचा, म्हणजे पडलेले एकेक जण आत चढतात. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली, चौथ्या खेपेला चार. यातून एक निर्णय झाला: तळ्यांच्या शांत पाण्यावर पिशव्या कनूला जखडून बांधायच्या नाहीत. बांधलेल्या पिशव्यांसकट भरलेली कनू दोघांना उचलणं अशक्य होतं. आत प्लास्टिकचं अस्तर घालून तोंड नीट बांधलेली पिशवी आपोआप तरंगते.

२२ जून

प्रत्यक्ष उचलण्याचा सराव. एका बागेत ४०० मीटरची चढउताराची वाट मोजून घेतली.

कनू उचलायची पद्धत दादाने दाखवली. आधी मांडीवर आडवी घ्यायची, पलीकडचा काठ धरायचा, मांडीने धक्का देऊन एका झोक्यात डोक्यावर, आणि मधलं आडवं जू खांद्यांवर बसवायचं. भाच्याने दुसऱ्या प्रयत्नात जमवलं. कनूखाली गेल्यावर त्याचा आवाज घुमून येत होता. "मला माझे बूट आणि पुढची सहा फूट जमीन दिसतेय. बाकी काही नाही." मग थोड्या वेळाने, "डास आत आलाय आणि माझे दोन्ही हात गुंतलेत." वहिनी त्याच्या पुढे चालत मोठ्याने सांगत गेल्या: डावीकडे दगड, मूळ आहे, आता उतार. तिथेच नियम ठरला. कनूवाल्याच्या पुढे कायम एक पिशवीवाला, आणि तो बोलत राहील.

दुसरा नियम: हातात काहीही सुटं नाही. वल्ही कनूच्या आत बांधायची, पाण्याच्या बाटल्या पिशवीत. आज सरावातसुद्धा एक टोपी आणि एक वल्हं वाटेच्या सुरुवातीला राहिलं. पोर्टेज सोडताना शेवटचा माणूस काठावर मागे वळून एकदा सगळं बघणार. ते काम ह्यांच्याकडे.

ताईंनी अकरा किलोची पिशवी घेतली. उतारावर त्या प्रत्येक पाऊल आडवं टाकत होत्या, उजव्या गुडघ्याला जपत. दादा पूर्ण वेळ त्यांच्या मागोमाग चालला आणि घड्याळ बघत होता. शेवटी तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अठरा मिनिटं. लाँग पोर्टेजवर याच्या आठपट." घरी आल्यावर त्याने स्वतः रबर घेतलं आणि नकाशावरचं वर्तुळ पुसलं.

मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. ताईंना कुणीही काहीही म्हटलं नाही, कुणी त्यांच्यासाठी काही सोडल्याचा आवही आणला नाही. गटाची वाट गटातल्या सर्वांत हळू पावलांनी आखायची, आणि ती अनुभवी माणसाच्या हातून आखली जावी, हे मला जानेवारीपासून म्हणायचं होतं.

नवीन आराखडा: पहिली रात्र डंकनवर, म्हणजे पायऱ्या दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी. मग दोन रात्री रोझवर एकाच जागी. शेवटची रात्र पुन्हा डंकन. रोझवरून एक दिवस रिकाम्या कनू घेऊन पश्चिमेला: ४ रॉडवर रॅट तळं, पुढे ५७ रॉडवर साउथ तळं आणि त्याच्या टोकाला ८० रॉडचं 'हाइट ऑफ लँड' पोर्टेज. तिथे पाणलोट बदलतो. अलीकडचं पाणी लेक सुपीरियरकडे जातं, पलीकडचं हडसन उपसागराकडे. पहिल्यांदा तो ओलांडणाऱ्या नवख्या व्होयाजरवर सीडरच्या ओल्या फांदीने पाणी शिंपडत. दादाला हा दिवस वर्तुळापेक्षा जास्त आवडला आहे, हे त्याच्या बोलण्यावरून कळतं.

सरहद्दीबद्दल: या तळ्यांमधली जुनी पोर्टेजं दोन्ही देशांच्या नागरिकांना खुली राहतील असं १८४२च्या वेबस्टर-ॲशबर्टन तहातच लिहिलेलं आहे. पण कॅनडाच्या काठावर मुक्काम करायचा तर त्यांची वेगळी परवानगी लागते. आपला तंबू अमेरिकेच्याच बाजूला.

५ जुलै

छोटी नोंद. ४ जुलै १९९९ला या भागात वादळी वाऱ्याने लाखो एकरांवरची झाडं आडवी केली होती. काल त्याचे फोटो सगळ्यांना दाखवले. दोन गोष्टी ठरल्या. तंबू लावण्याआधी वर बघायचं: वाळकं झाड किंवा अडकलेली तुटकी फांदी असेल तर ती जागा सोडायची, कितीही सपाट असली तरी. आणि गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठायचा. रोझ पूर्व-पश्चिम लांब आहे, पश्चिमेचा वारा सुटला की लाटा वाढत जातात. म्हणून मोठं पाणी सकाळी ओलांडायचं, आणि तेही काठाकाठाने. एक पूर्ण दिवस वाऱ्यात अडकला तर चालेल एवढा शिधा जास्त आहे.

१९ जुलै

वजनकाटा. सहा तंबूंचे चार झाले. खुर्च्या गेल्या. बिडाचा तवा गेला (त्याबद्दल ह्यांना वाईट वाटलं, पण साडेतीन किलो). प्रत्येकी कपड्यांचे दोनच जोड, एक अंगावर ओला होणारा, एक रात्रीसाठी कायम कोरडा. पाण्याचे गाळण्याचे संच तीनचे दोन. स्टोव्ह मात्र दोन ठेवले. उन्हाळ्यात कोरडं पडलं की शेकोटीवर बंदी येऊ शकते, मग सगळा स्वयंपाक त्यांच्यावरच.

१४३ किलो, आठ पिशव्या. सर्वांत जड १९ किलो, ताईंची ११. पहिल्या फेरीत चार कनू आणि पाच पिशव्या, मागे तीन. परत फक्त तिघं येणार, आणि ते तिघं प्रत्येक पोर्टेजला बदलणार. कोण कधी, याचा कागद वहिनींनी केला आहे. त्यात माझं नाव दोनदा लागोपाठ आलं होतं, ते दुरुस्त करून घेतलं.

२ ऑगस्ट

औषधांची पेटी तपासली. ताईंच्या गुडघ्याचा पट्टा, भाच्याची ॲलर्जीची औषधं दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. एकच पिशवी हरवली तर सगळं जाऊ नये.

आत मोबाइल चालणार नाही असं धरून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घेतलं आहे. ते कसं वापरायचं हे फक्त मला ठाऊक असून चालणार नाही. आज प्रत्येकाने एकेक निरोप स्वतः पाठवून बघितला, ताईंनीसुद्धा.

८ ऑगस्ट, ग्रँड मरे

मिनिआपोलिसहून पाच तास. रेंजर स्टेशनवर परमिट घेतलं. देण्याआधी नियमांची उजळणी घेतात: शेकोटी फक्त लोखंडी जाळीच्या चुलीत, भांडी पाण्यापासून लांब नेऊन धुवायची, मुक्काम नेमलेल्या जागीच. भाच्याने बहुतेक उत्तरं माझ्याआधी दिली.

रात्री शेवटचं काम. प्रवासाचा कागद मी काकांना आठवड्यापूर्वीच दिला होता. त्यात सगळ्यांची नावं, कनूंचे रंग, गाड्यांचे नंबर, रोजचा मुक्काम, आणि पर्यायी मुक्काम. फोन करून म्हटलं, "काका, एकदा वाचून दाखवा." त्यांनी चश्मा लावला असावा, थोडा वेळ लागला. मग एकेक ओळ वाचली. शेवटची ओळ त्यांनी सावकाश वाचली: "१३ ऑगस्टला रात्री नऊपर्यंत फोन नाही, तर यंत्रावर निरोप. १४ला सकाळी आठपर्यंत उत्तर नाही, तर कुक काउंटीच्या शेरीफच्या कार्यालयाला फोन." खाली नंबर होता, तोही वाचला.

"फ्रीजवर लावलाय," ते म्हणाले. "तेराला आम्ही दोघं घरीच आहोत. काकूंनी त्या दिवशीचं बाकी सगळं रद्द केलंय."

उद्या सहाला उठायचं. बेअरस्किनवर वारा सुटायच्या आत.